लिफ्टशेजारची सूचना

आई, मी आता सर्व्हर सांभाळते. पगार घेऊन, दुसऱ्यांचे. हे तुला सांगायचं कधीपासून मनात होतं, आणि आज सांगायला बसले तर लक्षात आलं की यातलं निम्मं तुला कळणारच नाही. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर म्हणजे चप्पल बाहेर काढून आत जायची एसी खोली होती. तर पहिल्यापासून सांगते. घाई नाही, रविवारची सकाळ आहे, तुझा जावई लेकीला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेलाय, वरणाचा कुकर उतरलाय, आणि पोळ्या मी आज करणार नाही, भातावर भागवू. आम्ही जपानात असतो. हो, जपानात. तू गेल्यावर चार-पाच वर्षांनी ह्याच्या कंपनीने पाठवलं, दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि राहिलो. तोक्योच्या पूर्वेला नदी ओलांडली की ग्योतोकु म्हणून उपनगर आहे, तिथे. आपली माणसं बरीच आहेत. संध्याकाळी जिन्यात कोणाच्या ना कोणाच्या फोडणीचा वास येतो, एवढं सांगितलं तरी तुला बरं वाटेल.

इथे मोठा भूकंप झाला, त्या मार्चनंतर इमारतीतली आपली माणसं भराभर निघाली. कोणाच्या घरून फोनवर रोज रडारड, कोणाला कंपनीनेच तिकीट पाठवलेलं. आम्ही राहिलो. शूर म्हणून नव्हे गं. तुझ्या जावयाच्या कामावर दुसरा माणूस उरला नव्हता आणि लेकीची शाळा एप्रिलात सुरू होणार होती. जाणाऱ्यांनी तांदूळ, डाळी, कुंड्या आणि जुने कॉम्प्युटर आमच्या दारात आणून ठेवले. इथे कॉम्प्युटर कचऱ्यात टाकता येत नाही. बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे, जळणारं वेगळं, आणि कॉम्प्युटर असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीला कळवा, कागद भरा, मग ती येऊन नेणार. विमान पकडायच्या गडबडीत एवढं कोण करतंय? ‘वहिनी, तुम्ही बघा काय ते,’ म्हणायचं आणि टॅक्सीत बसायचं. अशी चार धुडं माझ्या गॅलरीत जमली. तुझा जावई म्हणाला, ‘नेऊन टाकतो एकेक करून.’ मी म्हटलं, ‘हात नको लावूस.’

मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. पुण्यात क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायचे ते तुला माहीत आहे. इथे आल्यावर लेक झाली, जपानी शिकले, आणि सकाळी स्टेशनजवळच्या कोनबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, भाताच्या डब्यांचे ट्रे लावायचं अर्धवेळ काम करू लागले. काम वाईट नव्हतं. पण मला माझं काम हवं होतं, माझ्या डोक्याचं. भूकंपानंतर छोट्या ऑफिसांतली माणसं आपापल्या गावी गेली होती, सर्व्हर बघायला माणूस पाहिजे अशा जाहिराती दिसायच्या. मी दोन ठिकाणी जाऊन आले. दोन्हीकडे चहा दिला, माझ्या जपानीचं कौतुक केलं, विचारलं, ‘प्रत्यक्ष कामाचा अनुभव?’ आणि मग अगदी अदबीने दारापर्यंत सोडायला आले. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना. दुसऱ्या ठिकाणाहून परत येताना नदीवरच्या पुलावर मी ठरवून टाकलं. अनुभव कोणी देत नसेल तर मी तो घरी तयार करते. छोट्या ऑफिसात जे जे असतं ते सगळं उभं करणार, मोडणार, परत उभं करणार, आणि चाळिशीच्या आत कोणीतरी आपला सर्व्हर माझ्या हातात देईल. त्या दिवसापासून मला दुसरं काहीच नको होतं.

तुला हा हट्ट नवा वाटणार नाही, कारण तो तुझाच. मी आठ वर्षांची आहे. शाळा सुटली की दप्तर घेऊन बार्शीच्या टेलिफोन एक्सचेंजच्या मागच्या जिन्याने वर येते आणि तुझ्या स्टुलाच्या मागे भिंतीला टेकून बसते. तुझ्या कानावर हेडफोन, समोर भोकांचा मोठा बोर्ड, दोन्ही हातांत दोऱ्या. कोणीही नंबर सांगितला की तू तो आकडा आकडा म्हणून परत सांगतेस आणि मगच दोरी लावतेस. त्या दिवशी खाली बाकावर एक बाई बसलेली आहे. तिचा मुलगा मुंबईच्या हॉस्पिटलात आहे आणि मुंबई लागत नाहीये. तू म्हणत राहतेस, ‘हॅलो सोलापूर, हॅलो सोलापूर, पुणे द्या.’ सोलापूर उत्तर देतं, पुणे देत नाही. पुणे देतं तर मुंबई बिझी. तुझी ड्यूटी संपते, बदलीच्या बाई येऊन उभ्या राहतात, तू त्यांना हाताने थांब म्हणतेस. त्या हसतात, म्हणतात, ‘ही काही उठायची नाही आता.’ बाहेर अंधार पडतो, मला भूक लागते, आणि तुझा आवाज तसाच, न चढलेला, न पडलेला. शेवटी लागते मुंबई. ती बाई फोनवर बोलते, रडते, परत बोलते. घरी जाताना मी तुझं बोट धरलंय आणि मला खात्री आहे की जगात असं काही नाही जे माझी आई लावू शकत नाही.

आणि स्टोव्ह आठवतो? आपला पंपाचा स्टोव्ह. तो सारखा बिघडतो म्हणून मी एका सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात पेपर पसरून तो सगळा उघडला. बर्नर, पिन, पंपाचं कातडी वायसर, सगळं सुटं. मग कंटाळा आला आणि शेजारी खेळायला पळाले. तू ड्यूटीवरून आलीस, ते बघितलंस, आणि मला कानाला धरून परत आणलंस. ‘हातात घेतलं ना? मग सोडायचं नाही. हा पेटेल तेव्हा भाकरी होतील, तोवर घरात कोणी जेवणार नाही.’ बाबा म्हणाले, ‘अगं, लहान आहे ती.’ तू म्हणालीस, ‘लहान आहे म्हणूनच.’ वायसर तेलात भिजवून कसं बसवायचं ते तू तोंडाने सांगितलंस, हात लावला नाहीस. रात्री उशिरा गरम भाकरी मिळाली, आणि मी रागाने एकच खाल्ली. माझ्या लग्नात रुखवतात लोकांनी चिवड्याचे डोंगर आणि मोत्यांचे मोर मांडले. तू त्या मोरांच्या मधोमध पकड, टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हर मांडलेस. सासरच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘विहीणबाई, पोरीला सून म्हणून देताय की वायरमन म्हणून?’ तू म्हणालीस, ‘दोन्ही. एकात दोन मिळताहेत, तक्रार कसली?’ ती पकड इथे आली, आई. लॅबच्या केबली मी तिनेच कापल्या.

लॅब म्हणजे काय, तर आमच्या घरात गाद्या ठेवायचं एक सरकत्या दाराचं कपाट आहे. गाद्या काढल्या, वरच्या फळीवर दोन मशीन आणि खालच्या फळीवर दोन, मध्ये सगळ्या केबली जोडायचा एक डबा, त्याला स्विच म्हणतात. एक मशीन नंबर वाटणार, एक सगळ्यांचे पासवर्ड ओळखणार, एकावर फायली आणि एक नुसता ऑफिसातला कारकून. तुझा जावई म्हणाला, ‘छान आहे तुझी भातुकली. चहा कधी देणार?’ त्याचं बरोबरच होतं, दिसायला भातुकलीच होती. पण मी तिच्यात खरा स्वयंपाक करत होते. सर्व्हर उभा केला, खोट्या कर्मचाऱ्यांना खोटे पासवर्ड दिले, फायली भरल्या, बॅकअप घेतला, मग सर्व्हर स्वतःच्या हाताने पुसून टाकला आणि बॅकअपवरून परत उभा राहतो का बघितलं. पहिल्या वेळी राहिला नाही. दुसऱ्यांदाही नाही. एकदा सगळं जमत आलं होतं तेवढ्यात लेकीने मायक्रोवेव्ह लावला, वर एसी चालू, आणि घराची वीजच गेली. इथे घराला वीज मोजूनमापून असते. चारही मशीन एकदम गतप्राण. लेक दारात उभी राहून म्हणाली, ‘दाइजोबु?’ म्हणजे, ठीक आहेस ना? मी मराठीत जे बोलले ते तिला कळलं नाही हे बरंच झालं. त्या उन्हाळ्यात सगळा देश वीज वाचवत होता, आमची लिफ्टसुद्धा दुपारची बंद असायची, आणि ही बाई कपाटात चार मशीन तापवत बसलेली. लाज वाटायची. पण सोडलं नाही.

मग तो रविवार. आता एक गोष्ट नीट समजून घे, तुझ्या धंद्यातली आहे. नेटवर्कवर येणारं प्रत्येक मशीन आल्या आल्या ओरडतं, ‘मला नंबर कोण देतंय?’ आणि जो सर्व्हर आधी उत्तर देईल त्याचा नंबर ते मुकाट घेतं. हा कोण, याला अधिकार कोणी दिला, काही विचारत नाही. तुमच्या एक्सचेंजमध्ये चाललं असतं का असं? कोणीही उपटसुंभ उठतो आणि नंबर वाटतो! तर आमच्या इमारतीचं इंटरनेट भाड्यातच होतं. एकच लाइन, सगळ्या घरांना भिंतीतून दिलेली. त्या सकाळी लॅबमधल्या एका मशीनवर काहीतरी उतरवून घ्यायचं होतं म्हणून मी स्विचची केबल थेट भिंतीत खुपसली. खुपसली आणि पोहे करायला गेले. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या भाभींचा फोन, ‘तुमचं इंटरनेट चालू आहे का हो?’ मी लॅपटॉप बघितला, तो पहाटेपासून चालू होता, छान चालत होता. ‘आमचं चालू आहे,’ मी अगदी तोऱ्यात सांगितलं. मग वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं. मग लिफ्टशेजारच्या फलकावर कागद लागला की इंटरनेट बंद आहे, कंपनीला कळवलंय, क्षमस्व. तो कागद वाचताना मला भिंतीत खुपसलेली केबल आठवली. धावत वर आले, माझ्या सर्व्हरने कोणाकोणाला नंबर दिले ते उघडून बघितलं. तिथे फक्त माझ्याच मशीनची नावं असायला हवी होती. पडदा भरला होता, आणि नावं बहुतेक जपानीत. त्या सकाळी इमारतीत ज्याने ज्याने कॉम्प्युटर चालू केला त्याला माझ्या भातुकलीतला नंबर मिळाला होता, आणि त्या नंबरावरून बाहेर जायचा रस्ताच नव्हता. कपाळ माझं!

केबल उपटली. पण त्याने भागणार नव्हतं. वाटलेले नंबर लोकांकडे राहिले होते, आणि प्रत्येकाने आपलं मशीन बंद करून परत चालू केल्याशिवाय ते जाणार नव्हते. तुझा जावई म्हणाला, ‘काढलीस ना केबल? मग गप्प बस. आपसूक होईल ठीक.’ त्याची भीती खरी होती. इथे आपल्याला कोणी सहज घर देत नाही, आणि कपाटात सर्व्हर चालवणाऱ्या बाईला तर त्याहून नाही. घर गेलं की लॅब गेली, लॅब गेली की नोकरीची आशा गेली. पण कंपनीचा माणूस रविवारी येऊन सगळी इमारत पालथी घालणार, आणि कारण माझ्या कपाटात? मी म्हटलं, मी जाते प्रत्येक दारावर. तो डोक्याला हात लावून बसला, मग उठला आणि सायकलची किल्ली शोधायला लागला. ‘रिकाम्या हाताने जाऊ नकोस,’ म्हणाला, आणि स्टेशनवरच्या दुकानातून बिस्किटांचे छोटे डबे घेऊन आला, नीट कागदात बांधलेले. इथे माफी मागायला खाऊ घेऊन जातात, आणि घरचे लाडू चालत नाहीत, दुकानाचं वेष्टण लागतं.

लेक माझ्याबरोबर आली. प्रत्येक दाराशी मी पाठ केलेलं वाक्य म्हणायची, ती शेजारी कमरेत वाकायची, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक. लोकांनी रागवायचं सोडून उलट आमचीच माफी मागितली, तुम्हाला उगाच त्रास झाला म्हणून. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांकडे कॉम्प्युटरच नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबा घेतला, आणि माझ्याकडे इंटरनेट नाही याबद्दल मीच दिलगीर आहे म्हणाले. भाभी दारातच ओरडल्या, ‘अरे देवा, म्हणजे हे तुमचं होय! मी सकाळपासून आमच्या ह्यांना बोलतेय.’ शेवटी खाली, इमारतीच्या केअरटेकरकडे. त्यांना इथे कानरिनिन-सान म्हणतात. हा माणूस झाडांना पाणी घालतानासुद्धा शर्टाची बाही मळू नये म्हणून वर दुसरी कापडी बाही चढवतो. त्यांनी कंपनीला फोन करून आता माणूस पाठवू नका म्हणून सांगितलं, मग मला बसवलं. ‘घरात कंपनी चालवता?’ ‘नाही, शिकते.’ ‘शिकून?’ ‘नोकरी करायचीय.’ त्यांनी वहीत माझ्या घराचा नंबर लिहून घेतला. माझी पाचावर धारण बसली होती. मग म्हणाले, ‘करा. पण यापुढे आधी सूचना लावायची. काय काम, कधी सुरू, कधी संपणार, जबाबदार कोण.’ मी म्हटलं, ‘आता मी भिंतीला केबल लावणारच नाही, मग सूचना कशाला?’ ते म्हणाले, ‘एकदा लोकांना त्रास दिला की पुढे सांगून करायचं असतं.’

म्हणून दर आठवड्याला लिफ्टशेजारी, पाण्याची टाकी धुणार आणि अग्निशमनाची कवायत होणार यांच्यामध्ये, माझा कागद लागायला लागला. नेटवर्कचा सराव, रविवार, दहा ते बारा, गैरसोयीबद्दल क्षमस्व, आणि खाली माझं नाव. तुझा जावई हसून हसून बेजार. मला मात्र चीड यायची. दोन तासांत काय होतं? एका रविवारी सर्व्हर परत उभा राहायच्या बेतात होता, बारा वाजून गेले, मी म्हटलं झालंच आता, आणि दाराची बेल वाजली. कानरिनिन-सान. ‘सूचनेत बारा लिहिलंय.’ ‘फक्त थोडंच राहिलंय हो.’ ‘मग पुढच्या वेळी एक लिहा. आज बारा लिहिलंय.’ आणि तिथेच उभे. मी आत जाऊन सगळं बंद केलं, दार आपटायचं धाडस मात्र झालं नाही. पुढच्या वेळेपासून मी अकराच्या सुमारास स्वतःलाच विचारायला लागले: हे बाराला पूर्ण होणार आहे का? होणार नसेल तर आत्ताच मागे फिरलं पाहिजे, कारण मागे फिरायलाही वेळ लागतो. इथल्या सर्व्हरवाल्यांत त्याला किरिमोदोशी म्हणतात, केलेलं सगळं उलटं करत पहिल्यासारखं करून ठेवणं. मग मी ते आधी शिकले. पुढे जायची तयारी करायच्या आधी परत यायची तयारी. कितीतरी रविवार मी नुसती परत येत होते.

आणि आई, तेव्हा मला तुझी आठवण यायची ती चांगली नसायची. तुझ्या शेवटच्या वर्षांत एक्सचेंज ऑटोमॅटिक झालं होतं, तुला चौकशीच्या टेबलावर बसवलं होतं. तू गेलीस त्या दिवशी सकाळपासून तुझ्या छातीत दुखत होतं, हे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. त्या म्हणत होत्या, घरी जा. तू म्हणालीस, ड्यूटी संपवून जाते. संपवलीस. रिक्षाने घरी आलीस, चपला जागच्या जागी ठेवल्यास, बाबांना पाणी मागितलंस, आणि ते पाणी घेऊन येईपर्यंत तू नव्हतीस. भेटायला येणारे म्हणत होते, केवढी कामाची निष्ठा. मला निष्ठेचं काही वाटलं नाही, मला राग आला. अजून येतो. कोणाचा तरी नंबर शोधून द्यायचा राहिला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? कपाटासमोर जमिनीवर बसून मी मशीन एकेक करून बंद करायचे आणि तुझ्याशी भांडायचे.

दुसरा हिवाळा आला तेव्हा पाचव्या मजल्यावरच्या एका बाईंनी मला लिफ्टमध्ये थांबवलं. साठीच्या, बारीक, टॅक्सचं काम करणाऱ्या; त्यांचं स्टेशनजवळ ऑफिस आहे आणि सगळे त्यांना आदराने सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात. ‘तुमच्या सूचना मी वाचते,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही लिहिलेल्या वेळेला संपवता. कानरिनिन-सान सांगतात.’ त्यांच्या ऑफिसातला सर्व्हर बघणारा माणूस भूकंपानंतर उत्तरेला आई-वडिलांकडे गेला तो परतला नव्हता, आणि सर्व्हर म्हातारा झाला होता. नवा आणायचा, जुन्यावरचं सगळं त्यावर न्यायचं, तेही एका शनिवारात; सोमवारी माणसं कामावर येणार. जमलं तर पुढे ऑफिस तुमच्याकडे. नाही जमलं तर एका कंपनीशी बोलणं चालू आहेच. मी हो म्हणाले. मग त्यांच्या ऑफिसची हुबेहूब नक्कल कपाटात उभी केली आणि तो शनिवार मी घरात इतक्यांदा करून बघितला की लेकीला पायऱ्या पाठ झाल्या. सेन्सेईंना लिहून दिलं: तीनपर्यंत नवा चालला नाही तर जुना परत जोडणार.

शनिवार. टेबलाटेबलांवर कॅलेंडरं, कोपऱ्यात तो म्हातारा सर्व्हर घरघरतोय, आणि सेन्सेई आपल्या जागी कागद तपासत बसल्यात, माझ्याकडे बघतही नाहीत. मी लेकीसारखी एकेक पायरी मोठ्याने म्हणते आणि मगच करते. सगळं नव्यावर जातं. पासवर्ड जातात, फायली जातात, छपाई होते. फक्त टॅक्सचा प्रोग्राम उघडत नाही. म्हणजे ऑफिसचा जीव. परत करते, नाही. दुसऱ्या मशीनवरून करते, नाही. अडीच वाजून गेलेत. बाल्कनीत जाऊन तुझ्या जावयाला फोन लावते. तो उंटावरून शेळ्या हाकतो, ‘अगं, उद्या रविवार आहे. बस रात्रभर. सोमवारी सकाळपर्यंत कोणाला कळणार आहे?’ आणि खरं सांगते, मला कारण समजत आलं होतं. कुठेतरी जुन्या सर्व्हरचं नाव अडकलंय, शोधलं की सापडेल, अजून अर्धा तास, फार तर एक. आतून तुझाच आवाज येत होता, हॅलो सोलापूर, हॅलो सोलापूर. दोन वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते समोर होतं आणि तीन वाजले. मी सेन्सेईंसमोर जाऊन उभी राहिले. ‘आज होणार नाही. मी जुना परत जोडते.’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं, ‘ठीक आहे’ म्हणाल्या, आणि परत कागदांत डोकं घातलं. मी सगळं उलटं केलं. प्रत्येक टेबलावर जाऊन प्रोग्राम उघडून बघितला. कुलूप लावताना सेन्सेई नुसत्या वाकल्या, मीही वाकले, आणि स्टेशनच्या जिन्याखाली सायकलींच्या रांगेत उभी राहून मी भरपूर रडले.

रविवारी मी कपाट उघडलं नाही. तुझा जावई शहाणा, त्याने नुसता चहा करून दिला. सोमवारी कोनबिनीतलं काम संपवून फोन बघितला तर सेन्सेईंचा येऊन गेलेला. म्हटलं चला, नको म्हणायचंय ते ऐकून टाकू. त्या म्हणाल्या, ‘सगळे कामाला लागले. शनिवारी काही झालं होतं हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.’ मी माफी मागायला लागले. त्यांनी मध्येच तोडलं. ‘येत्या शनिवारी किती वाजता येता?’ मी दुधाच्या कपाटाला टेकून उभी होते. दुकानाचा मालक विचारायला आला, दाइजोबु? नाव कुठे अडकलंय ते मी बुधवारी, वेगळी सूचना लावून, घरच्या नकलेत शोधून काढलं, आणि दुसऱ्या शनिवारी दुपारच्या जेवणाआधी नवा सर्व्हर चालू झाला. वसंतात सेन्सेईंनी मला ऑफिसात घेतलं. आता त्यांच्या ओळखीची आणखी दोन ऑफिसंही माझ्याकडे आहेत, आणि नव्या कोणाकडे जाताना अनुभव किती असं विचारलं की मी मान वर करून सांगते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. ते कपाटातल्या सर्व्हरवर राहील, तिथे कोणी येत नाही, आणि रात्रीच्या बॅकअपमध्ये त्याची प्रत आपोआप निघेल. पण एक गोष्ट राहिली. ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी सेन्सेईंनी चहा मागवला आणि विचारलं, ‘त्या पहिल्या शनिवारी तुम्ही मागे फिरलात. हातातोंडाशी आलेलं काम ठेवून थांबायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?’ मी म्हणाले, ‘माझ्या आईने. ती टेलिफोन ऑपरेटर होती.’ त्या म्हणाल्या, ‘तरीच,’ आणि मग तुझ्याबद्दल विचारत राहिल्या, कशी होती, कुठे बसायची, काय बोलायची, आणि मी सांगत राहिले. साफ थाप मारली मी, आई. मला थांबायला शिकवलं ते कानरिनिन-साननी, दारात उभं राहून. तुला तर थांबणं हा शब्दच माहीत नव्हता. पण एवढ्या वर्षांत या देशात कोणीतरी पहिल्यांदा तुझी चौकशी करत होतं, आणि ते मला सोडवेना.